जमादारीण अजून जिवंत आहे

बोरी, ता. जिंतूर
१२ जानेवारी, रविवार

राणीअक्का,

माझा नंबर तू ब्लॉक केलास म्हणून पत्र लिहितोय. दुसरं कारण नाही. पोस्टातल्या माणसानं पाकीट देताना माझ्याकडं दोनदा बघितलं आणि म्हणला, "सोता लिहिणार का?"

आईची जमादारीण लय आजारी आहे. लवकर ये.

मी वीस डिसेंबरला आलो. तीन दिवस राहून माळेगावच्या जत्रेत पाळण्यावर कामाला जायचं ठरलं होतं. जत्रा होऊन गेली, मी इथंच आहे. पाळण्याचं काम तुला वाटतं तसं सोपं नसतं. लोक बसवणं उतरवणं काही नाही, पण वरच्या पेटीतलं एखादं पोरगं ओकलं की खालच्या तीन पेट्यांत भांडणं लागतात, आणि ती आपण मिटवायची. मागच्या साली एका बाईनं मला चप्पल दाखवली, मी ओकल्यासारखी.

ओकण्यावरून आठवलं. जमादारीण खाल्लं की ओकते, आणि आता तर खातच नाही. धुरपदाकाकू दोन्ही वेळेला भिंतीवरून दूध-भाकरीची वाटी देते. ही वाटीपर्यंत येते, वास घेते, तोंड फिरवून बसते. पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येतात. पाणी मात्र लय पिते. कापसाच्या बोजात तुला सापडली तेव्हा तू नववीत होतीस, म्हणजे ती आता पंधराची तरी झाली. आई असताना ही सकाळी गल्लीतनं एक चक्कर मारून यायची, म्हणून तर नाव जमादारीण. आता ओट्यावरनं खाली उतरत नाही.

दाजींना सोबत आणलंस तरी चालेल.

बजरंग


बोरी
२१ जानेवारी, मंगळवार

अक्का,

जमादारीण मेलेली नाही.

शनिवारी तुझा रविकांतला फोन आला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तोच रविकांत, त्यानं स्टँडवर मोबाइलचं दुकान टाकलंय. तो दुकान पोराटोरांवर सोडून घरी आला, तोंड पाडून. म्हणला, "बजऱ्या, अक्काचा फोन आल्ता. समजलं म्हणून सांग म्हणली. खोल पुरा म्हणली, वर काटे टाका, कुत्रे उकरतेत."

"कुणाला पुरा?"

"मांजराला."

जमादारीण तिथंच ओट्यावर बसून पंजा चाटत होती. रविकांतनं तिच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "मग ही कोण हाय?"

तेवढ्यात धुरपदाकाकू तोंडाला पदर लावून आली. तिला रविकांतनं वाटेतच सांगितलं होतं. "गेली का रं बाई कासाबाईच्या मागं," असं आईचं नाव घेत ती ओट्यावर टेकली, ती बरोबर मांजराच्या शेपटीवर. मांजर फिसकारलं. काकू उठून उभी राहिली आणि म्हणली, "कोण म्हणलं रं मेली म्हणून? तुमाला काय कामधंदे न्हाईत का?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लय आजारी आहे, लवकर ये. आपल्याकडं हे कधी सांगतात? माणूस आजारी असला तर सांगतात, बरा आहे, काळजी करू नको. गेला की सांगतात, सिरियस आहे, लवकर ये. लेकीला तर तसंच सांगतात. एकटी बसमध्ये असते, वाटेत काही झालं तर कोण बघणार म्हणून. दोन वर्षांमागं तुला मीच फोन केला होता, आई सिरियस आहे, लवकर ये. तेव्हा आईला जाऊन दोन तास झाले होते. तू आलीस तेव्हा दारात तिरडी बांधून तयार होती. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. आणि आता पत्रात मी परत तेच शब्द लिहिले. तू पुरायचं सांगितलंस त्यात तुझं काही चुकलं नाही.

रविकांतनं त्याच्या फोनवरून तुला फोटो पाठवला. गाढवानं तो मांजर झोपलेलं असताना काढला. तुझं उत्तर आलं, "बघितलं. आता परत पाठवू नको." मग तो म्हणला, आजचा पेपर शेजारी ठेवून काढू, पळवून नेलेल्या माणसाचा काढतेत तसा. पेपर ठेवला तर ही पेपरावर बसली, तारीख बुडाखाली. तो फोटो पाठवला, पण एकच टिक आली. तू त्यालापण ब्लॉक केलंस वाटतं. तो दिवसभर म्हणत होता, मी काय केलं, माझा काय संबंध.

तेव्हा आता पत्रच. जे झालं ते सगळं लिहितो, म्हणजे तुला खरं वाटंल. मेलेल्या मांजराचं एवढं कुणी लिहीत नाही.

काल सकाळी अर्धा चमचा दूध प्याली आणि पाच मिनिटांत ओकली. ओकलं त्यात पिवळं पाणी आणि केसांची गुंडाळी होती, बोटाएवढी. दुपारी काही नाही. संध्याकाळी काकूच्या घरच्या उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक बोटावर घेऊन तोंडाला लावला, तो चाटला. पोटात राहिला. हागायला चार दिवस झाले बसते, जोर करते, ओरडते, होत काहीच नाही. मुतते लय.

ये किंवा येऊ नको. पण ती जिवंत आहे.

बजरंग


बोरी
३० जानेवारी, गुरुवार

अक्का,

तुझं काही उत्तर नाही. बरं. मी लिहायलोय.

सोमवारी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. एका टोपलीत बसवलं, वर दुसरी पालथी घातली आणि सुतळीनं बांधलं. रस्त्यानं तीन जणांनी विचारलं, कोंबडी कितीला देतो. दवाखान्यात पुढं एक म्हैस, दोन शेळ्या आणि खांदा सुजलेला एक बैल. बैल लय देखणा होता, पांढरा शुभ्र, मालक चारठाण्याकडचा. त्याच्याशी बोलत बसलो. चारठाण्याला मी एक उन्हाळा देवळं दाखवायचं काम केलंय, तुला माहीत नसंल. शहरातली माणसं यायची. माहिती काही नव्हती, मनानं सांगायचो. एका म्हाताऱ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणले, बाळा, यातलं एकपण खरं नाही, पण तू सांगतोस छान. बोलण्याच्या नादात माझा नंबर गेला, परत शेवटी बसावं लागलं.

डॉक्टर तरणे आहेत. टोपली उघडून म्हणले, "मांजर? इथं कुणी मांजर आणत न्हाई हो. मेलं की दुसरं येतंच घरात." पण बघितलं नीट. पोट दाबून माझा हात तिथं धरला आणि विचारलं, "लागतंय का?" आत खड्यांची माळ असावी तसं लागत होतं. सगळी लेंडी वाळून बसलेली. तोंड उघडून दाखवलं, मागची एक दाढ किडलेली, हिरडी लाल. म्हणले, "भूक हाय तिला. वाटीपर्यंत येती म्हणता ना? खायला गेलं की दुखतंय, खाल्लेलं पुढं सरकत न्हाई, मग वर येतंय. दूध कोण पाजतंय?"

मी म्हणलो, "सगळेच."

"बंद करा. म्हाताऱ्या मांजराला दूध पचत न्हाई. मांजर दूध पितं हे पुस्तकात असतंय."

मग कोमट पाण्याची पिचकारी दिली, मागनं. मी पुढचे पाय धरले होते. माझ्या मनगटावर तीन ओरखडे आहेत. दहा मिनिटांनी जे काही निघालं ते बघून शेळीवाली बाई म्हणली, "बया, एवढ्याशा जीवात एवढं?" डॉक्टर हसले. मला काय झालं कुणास ठाऊक, एवढा आनंद मला दहावी पास झाल्यावरपण झाला नव्हता. पास झालो नव्हतो म्हणा, पण झालो असतो तरी.

आता एक गोष्ट. पहिल्या पत्रात सांगायची राहिली. राहिली नाही, लपवली.

दोन जानेवारीला ती अशीच जोर करत बसली होती. काकू म्हणली, "म्हाताऱ्या माणसाला एरंडेल देतेत, मांजराला दिलं तर काय होतंय?" मी एक चमचा भरून पाजलं. आई घ्यायची तोच चमचा, तेवढाच भरून. एका माणसाचं वजन आणि एका मांजराचं वजन, हे डोक्यातच आलं नाही. दोन दिवस घरभर पातळ. ती बाजेखाली जाऊन पडली. मी झाडलं, पुसलं आणि तुला लिहिताना ते गाळलं. त्याच्या आधी ती थोडं थोडं खात होती. त्यानंतर बंद झाली.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणले, अंगातलं होतं नव्हतं ते पाणी तेलानं काढलं, मग राहिलेलं आणखी वाळलं. म्हणजे ती एवढी खालावली त्याला मीपण आहे. काकूचं नाव घेतलं म्हणून तिच्यावर ढकलू नको. पाजलं मी.

डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं करायलोय. अंडं, चिकनचं पाणी, हळद मीठ काही नाही, सगळं बोटानं कुस्करून, दिवसातनं पाच वेळा थोडं थोडं. मंगळवारी दोन वेळा खाल्लं. काल चार वेळा, त्यातलं एकदा ओकली. आज सकाळी हागली, आपली आपण.

बजरंग


बोरी
११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्का,

तुझी पिशवी पोचली. तुमच्या पालमच्या गाडीच्या कंडक्टरनं परभणीत जिंतूरच्या गाडीत दिली, त्या कंडक्टरनं इथं रविकांतच्या दुकानात टाकली. रविकांत म्हणला, "बॉम्ब हाय का बघ बाबा, तुझ्या अक्काचा भरोसा न्हाई." आत सुकट होती. चिठ्ठी शोधली. सुकट ताटात पसरून शोधली. नव्हती. पण गाठ तुझीच होती, दातानं सोडावी लागते ती.

जमादारीण वास आल्याबरोबर उठली. आतल्या खोलीतनं चालत आली, न थांबता. पिशवीला डोकं घासलं. एक झिंगा तोंडात घेतला, चावला, टाकला. परत घेतला, परत टाकला. मग ताटाशेजारी बसून राहिली, नुसती वास घेत.

खाल्लं नाही, अक्का.

काकू भिंतीवरून बघत होती. म्हणली, "खाल्लं म्हणून लिही की. तिनं तिकडनं एवढं धाडलंय, जीव गार हुईल तिचा. तुझं काय जायलंय?" मला पटलं. पेन घेऊन बसलो आणि लिहिलं, सगळी सुकट खाल्ली, ताट चाटून पुसून. वाचायला इतकं बरं वाटलं की मलाच खरं वाटलं. मग तो कागद चुलीत घातला आणि हा घेतला.

सुकट मग पाण्यात उकळली, गाळली, ते पाणी दिलं. दोन चमचे प्याली. एवढं खरं आहे.

मधे परभणीच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासून आणलं. एसटीत शेजारच्या आजोबांनी टोपली मांडीवर घेतली होती, झरीपर्यंत त्यांना आत काय आहे ते माहीत नव्हतं. तिथले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड थकलंय, वयामुळं. म्हणून पाणी पिते, म्हणून मळमळतं, म्हणून आतलं वाळतं. बरं होणार नाही. दाढ काढायची तर भूल द्यावी लागेल, ती हिला झेपणार नाही. खाईल तेवढं खाऊ घाला, मळमळीची गोळी द्या, आठवडे म्हणा, महिना म्हणा. मी विचारलं, लवकर ये असं बहिणीला कळवू का? ते म्हणाले, कळवा की. त्यांना त्याचं काय माहीत.

चुलीत कागद घातला तेव्हा एक आठवलं, ते लिहूनच टाकतो.

सिरियस आहे म्हण, हे मला मोठ्या माणसांनी सांगितलं होतं. ते मी म्हणलो. तुझा राग त्याच्यावर असंल तर तो सगळ्या गावावर काढावा लागंल. पण तू परभणीच्या स्टँडवरनं परत फोन केलास. आता कशी आहे म्हणलीस. त्या वेळेला माझ्याशेजारी कुणी नव्हतं. मी म्हणलो, डोळे उघडले. म्हणलो, अर्धा कप चहा घेतला. म्हणलो, तुझं नाव घेतलं, राणी आली का म्हणली. हे मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. मागनं गाड्यांचा आवाज येत होता, तू रडत होतीस, मी एक बोललो, तू जराशी थांबलीस, म्हणून दुसरं बोललो, मग तिसरं. तू हसलीस फोनवर. मग मोसंबी घेऊन आलीस.

आईनं कुणाचं नाव घेतलं नाही. मी सकाळी चहा ठेवून हाक मारली, ती उठली नाही. हात लावला तर गार होती. चहा उतू गेला. राहिलेला मी नंतर प्यालो.

हे तुला आधीच कळलं असंल, की कळलं नसंल, मला माहीत नाही. मोसंबीची पिशवी तू कुणाला दिली नाहीस, धरून बसली होतीस, एवढं मी बघितलंय.

आज दिवसभरात: अंडं दोन वेळा, सुकटीचं पाणी दोन चमचे, ओकली नाही. हागायला उद्या बघू.

बजरंग


बोरी
३ मार्च, सोमवार

अक्का,

परवा फोनवर तू म्हणलीस, आता कशी आहे. मी म्हणलो, मेली. तू बरं म्हणून ठेवलास. त्याच्यापुढचं विचारलं नाहीस, पण तुला लागंल म्हणून लिहितो.

तू येऊन गेलीस त्याला तेरा दिवस झाले. त्यातले पहिले सहा चांगले गेले. तू शिकवलंस तसं बशी गरम पाण्यावर ठेवून द्यायचो, कोमट झालं की वास सुटतो आणि ती येते. दोन वर्षांनी तू माझ्याशी पहिला शब्द बोललीस तो "हागली का". मी कुणाला सांगितलं नाही, एका रविकांतला सोडून. तो आता रोज दुकानातनं मला तेच विचारतो.

सोमवारपासून परत बंद केलं. सुकटीचं पाणी नाही, बलक नाही, बोटावरचं पण नाही. बुधवारी डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणले, आता तोंडात कोंबू नका. गुरुवारी पाणी पण सोडलं. शुक्रवारी तिच्याजवळ बसून होतो, दिवसभर.

शनिवारी मी नव्हतो.

चारठाण्याला गेलो होतो. काम काही नव्हतं. सत्तर दिवस एका जागी बसून माझे पाय खाजवायले होते, सकाळी स्टँडवर चहाला गेलो, गाडी लागलेली होती, बसलो. देवळाच्या पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. एका घरच्या माणसांनी माहिती विचारली, तर यावेळी म्हणलो, मला माहीत नाही. चारच्या गाडीनं परत आलो. ती बाजेवर नव्हती. काकूनं आणि मी शोधली. मागं तुराट्यांचा ढीग आहे ना, त्याच्या आणि भिंतीच्या मधे होती. कडक झालेली होती. म्हणजे दुपारच्या आतच कधीतरी. नेमकं किती वाजता ते कुणालाच माहीत नाही.

काकू मला म्हणली, "बजरंग्या, तुझ्या मांडीवर गेली म्हणून सांग. तिला बरं वाटंल, आन् तुलाबी."

मी म्हणलो, "माझ्या मांडीवर गेली न्हाई ना पण."

"कोण बघायला आलंय?"

"तीच इचारंल एक दिवस."

काकू म्हणली, तुझ्यासारखा येडा बघितला न्हाई, आणि घमेलं आणून दिलं. बांधाच्या कडंला बाभळीखाली पुरली. गुडघाभर खोल खांदलं, खाली कातळ लागला, त्याच्यापुढं जाईना. मग वरनं दगड रचले. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात गुंडाळली. लुगडं कुठलं ते बघितलं नाही, पेटीत वर होतं ते घेतलं. तुला ते हवं असंल तर राहिलेलं काकूकडं ठेवलंय. औषधाच्या गोळ्या उरल्या त्या डॉक्टरांना परत दिल्या. सुकट थोडी शिल्लक होती, ती मी आणि रविकांतनं भाजून खाल्ली.

ती एकटी गेली. मी घरी असतो तरी ती उठून तिथंच गेली असती, असं डॉक्टर म्हणतात. असेल. पण मी घरी नव्हतो.

गुरुवारी मी निघतोय. गहू काढायच्या मशीनवर हेल्परचं काम आहे, मशीन हिंगोलीवरनं खंडव्याकडं जाणार. ड्रायव्हरचा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय, माझा लागला नाही तर त्याला लाव. घराची चावी काकूकडं आहे.

परत कधी येईन ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

बजरंग